एक बुडतो, मग दुसरा का बुडतो?

एप्रिल-मे महिन्यांत वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास असते. गाव बदलतं, तालुका बदलतो, बातमी तीच राहते. शेततळ्याच्या काठावरून मुलगा घसरला, त्याला काढायला बहीण उतरली, दोघांना काढायला आई उतरली. किंवा नदीवर गेलेल्या मित्रांपैकी एक गटांगळ्या खाऊ लागला आणि दुसऱ्याने मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. वाचून आपण चुकचुकतो आणि म्हणतो, "पोहता येत नव्हतं तर पाण्यात जायचं कशाला?"

मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. पहिला बुडाला तो पाय घसरून किंवा पाण्याचा अंदाज चुकून. दुसरा मात्र धडधाकट होता, काठावर कोरडा उभा होता, कित्येकदा बरा पोहणारा होता. तो का गेला? हे समजलं तर निम्मी बातमी तरी छापावी लागणार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून मेली, म्हणजे दिवसाला शंभरावर. मोठी बोट उलटली की देशभर बातमी होते. बाकीचे एकेकटे, दोघे-दोघे जातात, विहिरीत, तळ्यात, बंधाऱ्यावर.

पाण्यात माणसाचं वजन किती?

सुरुवात शरीरापासून करू. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेला जवळजवळ टेकलेली असते. छातीत हवा भरून घेतली तर आपण जेमतेम तरंगतो, सोडून दिली तर बहुतेक जण बुडतात. तरंगतो तेव्हाही पाण्याबाहेर राहतो तो शरीराचा अगदी छोटा भाग. तो भाग कुठला असावा, यावर सगळं ठरतं. उताणं पडून मान मागे टाकली की नाक-तोंड वर येतं. उभं राहून डोकं पूर्ण बाहेर काढायचा प्रयत्न केला की साधारण चार-पाच किलोचं डोकं पाण्याचा आधार सोडतं आणि तेवढं ओझं हातापायांना सतत उचलून धरावं लागतं. त्यात मदतीसाठी हात वर केले की त्यांचंही वजन वाढतं आणि माणूस खाली जातो.

म्हणजे सिनेमात दिसतं तसं हात हलवत "वाचवा, वाचवा" ओरडणं बुडणाऱ्याला बहुधा जमतच नाही. फ्रान्सेस्को पिया या अमेरिकी जीवरक्षकाने अशा प्रसंगांचं बारकाईने निरीक्षण करून हे पहिल्यांदा नीट मांडलं. बुडणारा माणूस पाण्यात उभा असतो, पाय फारसे मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होतं, डोकं मागे कललेलं, केस डोळ्यांवर. हात दोन्ही बाजूंना पसरून तो पाणी खाली दाबत असतो, जणू अदृश्य शिडी चढतोय. तोंड वर येतं तेवढ्या क्षणात श्वास सोडायचा आणि घ्यायचा, ओरडायला उसंत नसते. हे फार तर २० ते ६० सेकंद चालतं. मग डोकं खाली जातं.

काठावरून बघणाऱ्याला हे खेळणं वाटतं. त्यामुळे मुलं पाण्यात असताना लक्षात ठेवायची खूण उलटी आहे. गोंगाट चालू आहे तोवर ठीक. एखादा अचानक गप्प झाला, काठाकडे तोंड करून जागच्या जागी खालीवर होतोय, हाक मारली तर उत्तर देत नाही, तर समजावं.

आता दुसऱ्याकडे येऊ. तो पोहत जवळ जातो. बुडणाऱ्याला त्या क्षणी भाऊ, मित्र, आई काही दिसत नाही. दिसतो तो पाण्यावरचा आधार. तो त्या आधारावर चढतो. मिठी मारतो, मान आवळतो, खांद्यावर गुडघा टेकवतो. यात त्याचा काही दोष नाही, शरीरच तसं वागतं. वाचवायला गेलेला पट्टीचा पोहणारा असला तरी दोन्ही हात अडकल्यावर त्याला आपलंच डोकं वर ठेवता येत नाही, दुसऱ्याचं कुठून ठेवणार? चुकून अशी मिठी बसलीच तर वर यायची धडपड करू नये, खाली बुडी मारावी. बुडणाऱ्याला वरच राहायचं असतं, तो हात सोडतो.

मग उडी मारायचीच नाही का? मारायची झाली तर रिकाम्या हाताने नाही, आणि ती शेवटची गोष्ट. त्याच्या आधी करण्यासारखं बरंच काही आहे.

सहा वार साडी, पाच लिटरचा कॅन

वरचं गणित आपल्या उपयोगी पडतं. बुडणाऱ्याला वर राहायला फक्त चार-पाच किलोचा आधार हवा असतो, साठ किलोचा नव्हे. पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकण लावलेला तेलाचा कॅन साधारण तेवढाच आधार देतो. फुटबॉलही तेवढाच. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब तर तीन-चार जणांना पुरून उरते. शेतावर कीटकनाशकाचे, तेलाचे कॅन पडलेले असतातच (कीटकनाशकाचा कॅन वापरलात तर नंतर हात धुवा, पण आधी फेका). कॅनच्या मुठीला दोर बांधता आला तर उत्तमच. तळाशी ग्लासभर पाणी घातलं तर तो वाऱ्याने भलतीकडे न जाता नेमका जातो.

दोर नसेल तर कापड. २०२० साली तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै धरणावर काही तरुण बुडू लागले तेव्हा काठावरच्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. आणखी दोघांना वाचवता आलं नाही. साडी साडेपाच मीटरची असते, नऊवारी आठ मीटरच्या वर. फेटा, धोतर, ओढण्यांना ओढण्या बांधून केलेला दोर, बैलाचा कासरा, बांबू, शिडी, फांदी, काहीही चालतं.

यात एकच गोष्ट चुकते आणि ती महागात पडते. दोर फेकणारा काठावर उभा राहतो. पाण्यातल्या माणसाने जीव खाऊन हिसका दिला की तोही आत. म्हणून पालथं पडायचं, पाय रोवायचे, शक्य तर मागे कुणाला तरी आपले पाय धरायला सांगायचं, आणि मग हात किंवा काठी पुढे करायची. दोर हाताला गुंडाळायचा नाही. धरायचा, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो. आणि फेकताना बुडणाऱ्याच्या अंगावर नाही, डोक्याच्या पलीकडे फेकायचा, म्हणजे ओढून घेताना तो त्याच्या हातात येतो.

हे करत असताना बोलत राहा. मोठ्याने, नाव घेऊन, एकच सूचना: "पांडू, कॅन धर! पांडू, कॅन छातीशी धर!" दहा जण दहा गोष्टी ओरडले तर त्याला एकही ऐकू येत नाही. आणि गर्दीतल्या एकाला एकच काम द्या: त्याने नजर हलवायची नाही. माणूस जिथे शेवटचा दिसला तिथे बोट रोखून उभं राहायचं. पाण्यावर खूण नसते. सगळे धावाधाव करतात आणि पाच मिनिटांनी कुणालाच सांगता येत नाही, की तो नेमका कुठे गेला. मासेमारी करणारे समुद्रात जागा लक्षात ठेवतात ती काठावरच्या दोन खुणा एका ओळीत धरून, ते झाड आणि त्याच्यामागचं देऊळ. तसंच करावं. एकाने ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा, तोही बघ्यांपैकी "कुणीतरी" नाही, नाव घेऊन सांगितलेला एक जण.

पाण्यात उतरण्यावाचून गत्यंतरच नसेल तर तो कॅन, ती ट्यूब घेऊन उतरावं, आपल्या आणि बुडणाऱ्याच्या मध्ये ठेवावी, हातभर अंतरावरून ती त्याच्याकडे ढकलावी. त्याने धरली की बोलून शांत करावं आणि ट्यूबला धरूनच ओढत आणावं. माणसाला हात लावू नये.

विहीर, शेततळं आणि विहिरीतली हवा

मी पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला वाळलेल्या भोपळ्यांची जोडी बांधून. आमच्या आधीचे पांगाऱ्याच्या लाकडावर शिकले, आमच्यानंतरचे ट्यूबवर. त्या शिकण्यात एक शिस्त होती, ती आज कुणी सांगत नाही: काठावर एक मोठा माणूस असायचाच आणि तो स्वतः पाण्यात नसायचा. कठड्याला सोल, म्हणजे जाड दोर, बांधलेला असायचा. सूर मारणाऱ्यांना आधी तळ विचारला जायचा, कारण उन्हाळ्यात पाणी पुरुषभर खाली गेलेलं असतं आणि खडक वर आलेला असतो. गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारणाऱ्याचं फार तर ढुंगण शेकतं, पण सूर मारणाऱ्याची मान जाते.

शेततळं ही नवी गोष्ट. राज्यात गेल्या दहा वर्षांत, 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर तर फारच, ती गावोगाव झाली. पाणी टिकावं म्हणून आत प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. कागद तिरप्या उतारावर, त्यावर पाणी, त्यावर शेवाळ. तीन मीटर खोल तळ्यात पडलेला माणूस काठापर्यंत पोहत येतो, हात टेकवतो आणि घसरतो. पुन्हा टेकवतो, पुन्हा घसरतो. पोहता येणारे लोक शेततळ्यात का बुडतात याचं उत्तर एवढंच आहे. बुडायला खोली लागते हे खरं, पण इथे जीव घेतो तो काठ. त्याला औषधही स्वस्त आहे: चारही बाजूंनी खुंट्या ठोकून हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडून ठेवायचे. गाठीला धरून पोरगंही वर येतं. कुंपण करा, फाटक लावा, तेही हवंच. पण दोर आधी.

विहिरीबाबत एक वेगळा धोका आहे, ज्यात पाण्याचा संबंधच नसतो. बंद पडलेली, झाकलेली, कचरा किंवा शेण साठलेली विहीर, किंवा आत डिझेल इंजिन चालवलेली विहीर. तिथे हवेची जागा दुसऱ्या वायूंनी घेतलेली असते. उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत गप्प पडतो. वरचे समजतात पाय घसरला, चक्कर आली. दुसरा उतरतो, तिसरा उतरतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढताना पाच जण असेच एकापाठोपाठ गेले. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत इथे भरवशाची नाही. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे हे कळतं, पण तेवत राहिला म्हणून विषारी वायू नाही असं होत नाही. आणि शेणाच्या खड्ड्यात तर ज्वाला सोडणंच धोक्याचं, गोबरगॅस पेटतो. आत गेलेला माणूस आवाज न करता पडला की दुसऱ्याने उतरायचं नाही. शक्य असेल तर वरून आकडा टाकून ओढा, आणि अग्निशमन दलाला बोलवा.

घरातलंही एका वाक्यात सांगून टाकतो. टंचाईच्या गावांत प्रत्येक घरात पाण्याचे ड्रम, हौद, बादल्या भरलेल्या असतात; रांगणारं मूल डोक्याने जड असतं, बादलीत वाकलं की त्याला परत उठता येत नाही. झाकण लावा.

वाहतं पाणी

नदी-ओढ्यात धोका खोलीपेक्षा वेगाचा. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. कमरेइतक्या पाण्यात उभं राहा. पाणी सेकंदाला एक मीटरने, म्हणजे निवांत चालीने वाहत असेल तर पायांवर ढोबळमानाने पंधरा किलोचा रेटा येतो. दोन मीटरने वाहू लागलं की साठ किलोचा. त्याच वेळी पाण्याने तुम्हाला निम्मं उचलून धरलेलं असतं, म्हणजे तळाशी पाय रोवायला तुमचं निम्मंच वजन उरतं. "पाणी तर कमरेइतकंच होतं" हे वाक्य कितीदा ऐकलं असेल! कमरेइतकं पुरतं. मोटारीला तर दोन फूटही पुष्कळ होतात. ती तरंगते आणि मग सुकाणू हातात असून नसल्यासारखं.

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब मधल्या खडकावर उभं होतं. पाणी वाढलं, ते एकमेकांना धरून उभे राहिले आणि बघता बघता वाहून गेले. पाच जणांचा जीव गेला. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. डोंगरातला ओढा तुमच्या डोक्यावरच्या पावसाने फुगत नाही, वरच्या पठारावर पडलेल्या पावसाने फुगतो. तुमच्याकडे ऊन असू शकतं. पाणी अचानक गढूळ होणं, पालापाचोळा-काटक्या वाहून येणं, आवाज बदलणं, पायाखालचा दगड मघाशी कोरडा होता तो ओला होणं, यातलं काहीही दिसलं की सामान गोळा करत बसू नये. आणि ओढ्याच्या मधल्या खडकावर मुळात जेवणाचा डबा उघडू नये. परतीची वाट पाण्यातून असलेली कुठलीही जागा ही बसायची जागा नव्हे.

धरणाखालच्या नदीला वरच्या पावसाइतकाच दरवाजांचा भरवसा नाही. बातम्यांत "एवढे हजार क्युसेक विसर्ग" म्हणतात ते कान देऊन ऐकावं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. भोंगा वाजला की म्हणूनच पात्रात थांबायचं नसतं.

यात सगळ्यात फसवी जागा कुठली विचाराल तर मी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा सांगेन, आपल्या बोलण्यातला केटी वेअर. उंची फार नाही, पाणी वरून एकसारखं चादरीसारखं पडतं, खाली पांढरा फेस. पोरांना तो फेस खेळायला बोलावतो. पण पडणारं पाणी तळाशी आपटतं, पुढे जाऊन वर येतं आणि त्यातलं काही पृष्ठभागावरून परत भिंतीकडे फिरतं. एक आडवं चाक तयार होतं. त्यात सापडलेली वस्तू भिंतीशी जाते, खाली दाबली जाते, पुढे वर येते आणि पुन्हा भिंतीकडे. ओंडका असला तर दिवसभर तिथेच फिरतो. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते तुम्हाला नेहमीइतकं तरंगवत नाही, लाइफ जॅकेटसुद्धा तिथे कमी पडतं. बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असोत की काढलेले, वरून पाणी वाहत असेल तर बंधाऱ्यावरून चालत पलीकडे जाऊ नये, आणि खालच्या फेसात उतरू नये. कुणी अडकलंच तर काठावरूनच दोर.

वाहून जाऊ लागलात तर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: उभं राहायचा प्रयत्न नको. दगडाच्या कपारीत पाय अडकला की वाहतं पाणी तुम्हाला पुढे लोटून डोकं खाली दाबतं. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, म्हणजे दगडावर आधी पाय आदळतील. आणि तिरकं तिरकं काठाकडे सरका. अंगावरचे कपडे काढत बसू नका. पाण्यात भिजलेला कपडा तळाकडे ओढतो हा गैरसमज आहे, तो जड लागतो पाण्याबाहेर आल्यावर. साडी किंवा लुंगी पायात गुंतत असेल तेवढी सोडवा.

बोटीचं थोडक्यात. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशीच्या मधली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले. बोट उलटल्यावर लाइफ जॅकेट घालता येत नाही. फळीखाली नीट घडी करून ठेवलेली जॅकेटं मोजायला बरी असतात, एवढंच. चढताना घाला, पट्टे आवळा, पोरांचे पायांमधून जाणारे पट्टेही लावा.

तिथीची पाऊणपट

समुद्राबद्दल घाटावरच्या माणसाची कल्पना अशी, की पावसाळ्यात खवळलेला समुद्र वाईट आणि हिवाळ्यातला शांत समुद्र चांगला. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं.

कोकणातल्या जुन्या माणसाला पंचांग दाखवलं की तो भरतीची वेळ तोंडी सांगतो. गणित साधं आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. ओहोटी त्याच्या साधारण सहा तासांनी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. मुंबई-रायगडाच्या किनाऱ्याला हे बऱ्यापैकी जुळतं. खाली गोव्याकडे वेळ थोडी अलीकडे येते. आज मोबाइलवर भरतीचा तक्ताच मिळतो, पण पाऊणपटीला रेंज लागत नाही.

आता हे सहलीच्या वेळापत्रकावर ठेवून बघा. पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. भरती बाराला, ओहोटी सहाला. आपण जेवून-बिवून तीन-चारला पाण्यात उतरतो, नेमकं तेव्हा समुद्र सगळ्यात जोरात मागे जात असतो. उलट अष्टमीला बाराला ओहोटी असते. आपण उघड्या पडलेल्या वाळूवरून, खडकांवरून पार आत जातो, फोटो काढतो, आणि बाराच्या पुढे पाणी परत येऊ लागतं. ते समोरून येतं असं आपल्याला वाटतं. पण किनाऱ्याला समांतर खोलगट पन्हळी असतात, त्या आधी भरतात. मागे वळून बघेपर्यंत तुम्ही वाळूच्या बेटावर उभे असता. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणाऱ्यांनी परतीची वेळ आधी विचारून घ्यावी ती याचसाठी.

भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही, हेही माहीत हवं. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे चार मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांतच दोन मीटर पाणी चढतं. पन्नासास एक असा मंद उतार असलेल्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, तेवढ्या वेळात पाणी शंभर मीटर आत येतं. पहिल्या तासातल्या चालीवरून अंदाज बांधणारे फसतात, पुळणीवर गाडी नेऊन रुतवणारेही त्यांतलेच.

दुसरी गोष्ट रिप करंट. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जाण्यासाठी वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे जातं. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, फेस कमी दिसतो, पाणी गडद आणि शांत भासतं. नवखा माणूस "इथे बरं आहे" म्हणून तिथेच उतरतो! हा प्रवाह तुम्हाला खाली ओढत नाही, फक्त आत नेतो. साधारण पोहणारा सेकंदाला एक मीटरसुद्धा जात नाही आणि जोरकस प्रवाह दोन मीटरने जाऊ शकतो, त्यामुळे किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी भांडलात तर दमून बुडाल. उताणं तरंगा, एक हात वर करून मदत मागा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. पट्टा अरुंद असतो. लाटा फुटताना दिसतील तिकडे वळा, त्याच तुम्हाला परत आणतील. गोव्यात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखालची असते आणि नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. कोकणात झेंडे नसतील तिथे किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या दादांना विचारा. तो "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका. पिऊन तर त्याला विचारायलाही जाऊ नका.

बाहेर काढल्यावर

इथे आपल्याकडे फार चुका होतात आणि प्रेमापोटी होतात. बुडालेल्याला उलटं टांगतात, पोटावर दाबतात, पालथा घालून खांद्यावर घेऊन पळतात, का तर "पोटातलं पाणी काढायला". बुडालेल्याला पाण्याने नाही, हवा न मिळाल्याने मरण येतं. छातीत गेलेलं पाणी थोडंच असतं आणि ते असं दाबून निघत नाही; निघतं ते पोटातलं अन्न, आणि ते श्वासनलिकेत जातं. मेंदू चार-पाच मिनिटं हवेशिवाय राहिला की कायमचं नुकसान सुरू होतं. ती मिनिटं आपण पाणी काढण्यात घालवतो. मिठात पुरून ठेवलं की बुडालेला जिवंत होतो, असा एक संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो निव्वळ खोटा आहे आणि त्यापायी लोकांनी दवाखान्याऐवजी मिठाची पोती गाठली आहेत.

करायचं काय? कठीण जागी उताणं झोपवा. हाक मारा, खांदे हलवा. हनुवटी उचलून मान थोडी मागे करा आणि छाती हलते का ते दहा सेकंद बघा. श्वास नसेल किंवा मधूनच आचके येत असतील तर नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून आधी पाच श्वास द्या, प्रत्येक श्वासाला छाती वर येताना दिसेल एवढा. (काही ठिकाणी दोन शिकवतात, वाद नको, द्या.) मग छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या भागावर तळहात ठेवून, त्यावर दुसरा ठेवून, कोपर ताठ करून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने तीस वेळा दाबा, मोठ्या माणसाला दोन इंच आत जाईल इतकं. मग दोन श्वास. पुन्हा तीस. मदत येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर माणूस बदला. लहान मुलात छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा दबेल इतकं; तान्ह्या बाळाला दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन अंगठ्यांनी, आणि श्वास नाक-तोंड दोन्हीवर तोंड ठेवून. तोंडातून फेस येईल, पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुन्हा सुरू करा. तोंडाला तोंड लावायला जमत नसेल तर निदान छाती दाबत राहा.

श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, ओले कपडे काढून पांघरुण घाला. आणि "आता बरा आहे" म्हणून घरी नेऊ नका. छातीत गेलेलं थोडं पाणी पुढच्या काही तासांत श्वासाचा त्रास वाढवू शकतं. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, गुंगी येत असेल तर दवाखाना गाठायलाच हवा.

छाती दाबण्याचं हे वाचून अर्धंच कळतं. तालुक्याच्या रुग्णालयात, महाविद्यालयात, अग्निशमन दलात कधी शिकवणी असली तर एक तास काढून बाहुलीवर करून बघा. किती जोर लागतो हे हातालाच कळतं, आणि मोठ्या माणसाची बरगडी मोडेल म्हणून घाबरायचं नसतं हेही.

आमच्या मामांच्या शेततळ्यावर मागच्या उन्हाळ्यात मी गाठींचे दोर बांधले आणि एक ट्यूब टांगली. आठ दिवसांत पोरांनी ती ओढ्यावर खेळायला नेली. दुसरी लाल रंगवून टांगली, तर कुणीतरी ती ट्रॉलीला बसवली. मामी म्हणाल्या, "अरे, नवी कशाला आणतोस, चार ठिगळांची लाव, कुणी हात लावणार नाही." सध्या तिथे ठिगळांची आहे. दर रविवारी मामा तिची हवा बघतात, दोर ओढून बघतात आणि मग मोटार सुरू करतात.